अभयवनातले दगड

चंपकावती नगरात दीर्घबाहू राजा सुखाने राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या अभयवनात हरणाचा जन्म घेऊन कळपाचे नायक म्हणून राहत होते. त्या वनात शिकारीला बंदी होती. वनाचा राखणदार होता कुलिक नावाचा एक साधा माणूस. त्याला बायको नव्हती, मूल नव्हते; जीव लावायला हरणेच होती.

राजा फार हळवा. एकदा एका पाडसाच्या पायाला दगड लागून रक्त आलेले त्याने पाहिले आणि दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी नगरात दवंडी पिटली गेली. दर अष्टमीला प्रत्येक घरातल्या एकाने वनात जायचे आणि टोपलीभर दगड वेचून बाहेर आणायचे. शिवाय हरणांना रोज भिजवलेले जव घालायचे.

लोकांना हे पुण्यकर्म मनापासून आवडले. अष्टमी म्हणजे जत्राच होऊ लागली. दगड वेचता वेचता गाणी व्हायची, शिदोऱ्या सुटायच्या, दोन-चार लग्नेही तिथेच ठरली. पूर्वेच्या वेशीबाहेर दगडांची टेकाडे उभी राहिली. चुकून एखादा खडा राहिलाच तर कुलिक तो स्वतः उचलून कनवटीला लावी.

दहा वर्षांत वनाची जमीन गादीसारखी मऊ झाली आणि अकराव्या वर्षी हरणे लंगडू लागली. त्यांचे खूर वाढतच चालले. काहींची टोके वर वळली, काहींचे खूर एकमेकांवर चढले. पाण्याला जायचे म्हटले तरी बिचारी आधी गुडघ्यावर येत, मग कशीबशी उठत.

दरबारात खल झाला. पुरोहिताला शाप दिसला, वैद्याला ओढ्याच्या पाण्याची शंका आली. सेनापती म्हणाला, "हा रोग आहे. उद्या गुरांना लागेल. पौर्णिमेपर्यंत सगळा कळप मारून टाकावा." राजा ढसाढसा रडला, पण गुरांच्या भीतीने त्याने मान हलवली. काम आले कुलिकाच्या वाट्याला.

कुलिक वनात आला आणि धनुष्य फेकून मटकन खाली बसला. बोधिसत्त्व त्याच्याजवळ आले. कुलिकाने मान खाली घातली होती म्हणूनच त्याची नजर त्यांच्या पायांवर गेली. खूर आखूड, काळेभोर, घट्ट.

"नायका, सगळ्यांचे खूर असे झाले, मग तुमचेच कसे धड राहिले?"

"मला एक खोड आहे, कुलिका. जव मला मानवत नाहीत. म्हणून मी रोज पहाटे ओढ्यापलीकडच्या खडकाळ डोंगरावर पाला खायला जातो. कळप मला हसतो. आयते जव सोडून कोण येणार?"

कुलिकाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हणजे दगड... अरे देवा! दहा वर्षं मीच वेचले की ते!"

"दगडांवर खूर झिजत असावेत, असं मला वाटतं. पण नुसतं वाटून काय उपयोग? करून बघायला हवं."

"ते राहू द्या. आज्ञा वनातल्या हरणांपुरती आहे. तुम्ही डोंगरावर निघून जा, तुम्हाला कोणी हात लावणार नाही."

"कळप इथे मरायचा आणि मी तिथे पाला खायचा?" बोधिसत्त्व हसले. "चल, राजाकडे जाऊ."

भर दरबारात ते म्हणाले, "महाराज, तुमच्या दयेत खोट नाही. आम्हाला काय हवं, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं. मला तीन महिने द्या. कळपाचे तीन भाग करू. एक भाग डोंगरावर नेतो, जवाशिवाय. दुसरा इथेच मऊ जमिनीवर, पण त्यालाही जव नाहीत. तिसरा आहे तसाच राहू दे. गुरं तोवर लांब ठेवा. माझं चुकलं तर पहिला बाण मला मारा."

सेनापतीने कपाळाला आठ्या घातल्या. राजाने मात्र लगेच हो म्हटले, त्याला तेवढेच हवे होते.

डोंगरावर नेलेल्यांचे पहिले दिवस कठीण गेले. हरणे चार पावले चालत आणि बसत. कुलिक मागून रेटा देई, वर शिव्याही देई, आणि मग त्यांच्याच गळ्यात पडून रडे. हळूहळू खूर झिजले, पाय सरळ पडू लागले. तीन महिन्यांनी राजा पाहायला आला, तेव्हा डोंगरावरची हरणे खडकांवरून उड्या मारीत खाली उतरली. वनात जवाशिवाय राहिलेल्यांच्या पायांची ठणक गेली होती, पण खूर लांबच होते. जव खाणारी तिसऱ्या भागातली हरणे आणखी अडखळत होती.

दोन पाडसे मात्र डोंगरावर राहूनही वाकड्या खुरांचीच राहिली. ती जन्मतःच तशी होती. "यांचं कारण मला ठाऊक नाही," बोधिसत्त्व म्हणाले. तेव्हा कुलिकाने त्या दोघांना उचलून पाण्यावर नेले, आणि पुढे ती जगली तोवर रोज नेले.

राजाने बोधिसत्त्वांना राजवाड्यात राहण्याचा आग्रह केला. खायला सोन्याची कुंडीही देऊ केली. ते म्हणाले, "कुंडीत पुन्हा जवच असतील, महाराज."

जव घालणे बंद झाले आणि पुढच्या अष्टमीला अख्खे नगर वेशीबाहेर जमले. सगळ्यांत पुढे राजा, डोक्यावर दगडांची टोपली. त्याच्या मागे घाम पुसत सेनापती. कुलिकाने कनवटीचे खडेसुद्धा सोडले. गात गात लोकांनी दगड पुन्हा वनभर पसरले, आणि त्यावरून डोंगरावरची हरणे खटखटत धावली, बाकीची हळूहळू मागे निघाली, तेव्हा कुलिक आनंदाने पोरासारखा नाचला.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोर बसलेल्या भिक्षूंना त्या आणि या जन्मांचा मेळ घालून दिला: "त्या वेळचा सेनापती म्हणजे आज जरा काही झाले की रोग म्हणत तुम्हाला रोज वैद्याकडे पाठवू पाहणारा भिक्षू उत्तरक. कुलिक म्हणजे आजाऱ्यांची सेवा करणारा भिक्षू सुमेध. हरणांचा नायक मीच होतो. आणि राजा म्हणजे आपल्या सगळ्यांचे पाय दुखू नयेत म्हणून विहाराच्या वाटेवरचे खडे आत्ता या क्षणीही वेचीत असलेला उपासक पुण्णक."

सगळ्यांनी मागे वळून पाहिले. पुण्णक ओंजळभर खडे घेऊन तसाच उभा होता.

"पुण्णका," शास्ते प्रेमाने म्हणाले, "थोडे राहू दे."

भिक्षू खळखळून हसले, पुण्णकही हसला आणि त्याने ओंजळ तिथेच मोकळी केली. करुणेला डोळे देते ती प्रज्ञा. बुद्धत्वाकडे नेणाऱ्या गुणांपैकी तीच पारमिता बोधिसत्त्वांनी त्या जन्मी पूर्ण केली.