साठ लावे आणि एकच पिंजरा

दोन खेपांत मिळून नव्वद लावे मेले, आणि जयतपाळ राजाने पाखरखान्याच्या हरबाला वाघाच्या पिंजऱ्यात कोंडलं. वाघ मागच्याच वर्षी कंटाळून मेला होता, त्यामुळे जागा होतीच.

झालं होतं असं. राजाने उंबरगडच्या व्याह्यांना लावे पाठवले होते, त्यावर व्याह्यांनी खोचक पत्र लिहिलं, "तुमच्याकडे सगळे म्हातारेच असतात का?" राजाला ते झोंबलं. लगेच हुकूम सुटला! कालपरवा अंड्यातून निघालेली वीस पिल्लं, वीस अर्धवट वाढलेले आणि वीस जाणते, सगळे चांदीच्या एकाच पिंजऱ्यातून, चार दिवसांच्या वाटेने, जिवंत पोचले पाहिजेत. एकाच पिंजऱ्यातून का? तर तो नवा घडवला होता आणि व्याह्यांना दाखवायचा होता.

आता लाव्याची जात भित्री. गाडीला हिसका बसला, की जाणते लावे सरळ वर उसळत आणि चांदीच्या छतावर टाळकं आपटून घेत. खाली पडत ते पिल्लांच्या अंगावर. त्यातून वाचलेली पिल्लं पाण्याच्या वाटीत बुडत, नाहीतर गारठत. हरबाने हे राजाला सांगून पाहिलं. शहाणपण सांगणाऱ्याला राजेलोक काय देतात, ते वर आलंच आहे.

हरबाची लेक सगुणी दरबारात येऊन उभी राहिली.

"सरकार, तिसरी खेप मी नेते. माझ्या बाला सोडा."

"साठही पोचले तर सोडीन. एक जरी मेला, तर तुझा बा जन्मभर आत. आणि पिंजरा एकच, ध्यानात ठेव."

"एकच," सगुणी म्हणाली.

तिने चांदीच्या छताखाली जुनी मऊ गोधडी ताणून बांधली. आत बांबूच्या दोन तट्ट्या उभ्या करून तीन वयांची तीन बिऱ्हाडं केली. पिल्लांपाशी ऊन राखेचं मडकं फडक्यात गुंडाळून ठेवलं. पाण्याच्या वाट्या काढून काकडीच्या फोडी टाकल्या आणि वरून घोंगडी पांघरली. अंधार झाला तसे लावे गप्प बसले. मग मुक्कामागणिक नवी राख भरत ती उंबरगडला पोचली.

नवव्या दिवशी ती व्याह्यांचं पत्र घेऊन परतली. प्रधानाने ते मोठ्याने वाचलं, "साठच्या साठ ठणठणीत. एका पिंजऱ्यात तीन खोल्या करण्याची युक्ती फार आवडली. चांदी मात्र पातळ वाटली."

राजाच्या नाकाला मिरची झोंबली.

"तीन खोल्या? मी एक पिंजरा म्हणालो होतो, तू तीन केलेस! हरबा आतच राहील."

 सगुणीला राग आला, आणि भीतीपेक्षा तो जास्त होता. तिने पडद्याकडे पाहिलं. पडद्यामागे आईसाहेब एका टोकाला आणि राणीसाहेब दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या.

"सरकारांचा राजवाडा एकच ना?"

"एकच."

"आईसाहेब कुठं राहत्यात?"

"उगवतीच्या महालात."

"अन् राणीसाहेब?"

"मावळतीच्या."

"मधी भिंती किती?"

प्रधान बोटं मोजायला लागला. राजाने डोळे वटारले तेव्हा थांबला.

"तेवढ्या भिंती पाडा सरकार. दोघींना चार दिवस एका खोलीत ठेवा, अन् मधी तुम्ही बसा. पाचव्या दिवशी तिघं धडधाकट बाहेर आलात, तर मी आपणहून बाशेजारी पिंजऱ्यात जाऊन बसते!"

 पडद्यामागून आईसाहेबांचं हसू फुटलं, पाठोपाठ राणीसाहेबांचं. राजाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण सासूसुना एकदम हसल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. राजा तर इतका हसला, की पगडी मांडीवर आली.

"नको बाई, भिंती राहू देत!" तो डोळे पुसत म्हणाला. "सोडा हरबाला. आजपासून पाखरखान्याची कारभारीण तू."

"अन् बा?"

"तो तुझ्या हाताखाली. ऐकलं नाही, तर वाघाचा पिंजरा मोकळाच आहे."

"मग किल्ली माझ्याकडं द्या," सगुणीने हात पुढे केला, आणि राजाने हसत हसत ती तिच्या हातावर ठेवली.