राजवाड्यात गेलेली उघडी वाटी

या रे, सरका थोडे. पांघरूण सगळ्यांना पुरतं, ओढाओढ नको. मन्या, पाय आत घे. आणि शमे, तुझ्या आईनं आज मेथी केली होती ना? फोडणीचा वास आला मला. बरं, ऐका आता.

एक होता राजा, आणि त्याच्या राजवाड्याला होती एक मागची भिंत. पुढचा दरवाजा सगळ्यांना ठाऊक. हत्ती, चौघडा, भालदार, सगळं तिकडे. मागच्या भिंतीकडे कोण बघतंय? पण आपली गोष्ट मागच्या भिंतीचीच आहे, बरं का. कारण त्या भिंतीला लागून एक घर होतं, आणि त्या घरात येसूमावशी राहायची.

येसूमावशीला एक खोड होती. कुणाच्याही घरी गेली की आधी चुलीकडे बघायची. "काय केलंत आज?" हे तिचं पहिलं वाक्य. मग बसायची. लोक तिला भोचक म्हणायचे. मी नाही म्हणणार. शेजारच्या घरात काय शिजतंय हे शेजारणीला नको कळायला?

तर त्या नगराच्या डोंगरउतारावर नाचणी पिकायची. लालसर काळी, मोहरीएवढा दाणा. सगळं नगर तिची भाकरी खायचं, आंबील प्यायचं. आणि कुणाकडे काही नवं केलं की वाटी जायची शेजारी, पदराखाली झाकून. दृष्ट लागू नये म्हणून झाकायची. आणि आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, तिच्यात आपल्या घरचं काहीतरी घालायचं. तुमची आई नाही का माझ्या वाटीत लिंबाचं लोणचं घालून पाठवत? तस्संच.

मग एकदा काय झालं, एक परदेशी व्यापारी आला. त्याच्याकडे होता चांदणभात. शिजवला की पातेल्यात चांदणं सांडल्यासारखा दिसायचा. आधी राजवाड्यात गेला. मग सरदारांकडे गेला. मग काय, सरदारांकडे आहे म्हणून कासारांकडे, कासारांकडे आहे म्हणून कुंभारांकडे. नाचणी गेली कोनाड्यात.

पण चांदणभाताची एक गंमत होती. म्हणजे गंमत कसली, घोरच होता तो जिवाला. तो खाऊन पोट भरल्यासारखं वाटायचं, पण अंगाला काही लागायचं नाही. खाणारा हलका व्हायचा. मोठ्यांना फार कळलं नाही. पोरांचं मात्र बघवेना. अंगणात धावायला लागली की दोन पावलं जमिनीवर आणि तिसरं हवेत! आयांनी पोरांच्या बंड्यांना खिसे शिवले आणि खिशात गोटे भरले. झोपताना खांबाला बांधायच्या लुगड्यानं. हसतोस काय मन्या, तुला बांधलं असतं तर?

सगळ्यात हलकी झाली राजाची लेक. अबोली तिचं नाव. नावाची अबोली, पण तोंडाला विश्रांती नाही. तिच्या कमरेला रेशमी शेला बांधायचे आणि शेल्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला. मग ती पतंगासारखी वर जायची आणि मागच्या भिंतीवरून डोकावायची. खाली कोण? येसूमावशी, आपल्या अंगणात जेवत बसलेली.

"मावशी, काय खातेस गं?"

मावशी पटकन ताटावर पदर ओढायची. "काही नाही गं बाई. भातच की."

"भाताला असा वास येतो? खमंग?"

"लसणीची चटणी आहे सोबत. जा बघू खाली, वारं लागेल."

खरं सांगू? ताटात नाचणीची भाकरी होती. पण राजाच्या लेकीसमोर काळी भाकरी कशी दाखवायची? लाज वाटायची मावशीला.

आता ऐका हं, भीती कसली होती ते. त्या नगरात होळी पेटली की दुसऱ्या दिवशी डोंगरवारा सुटायचा. दांडगा वारा. कौलं उडवायचा, गवताच्या गंज्या उचलायचा. गोटे आणि शेले त्याच्यापुढे काय टिकणार? पोरं गेली असती कुठल्या कुठे. आणि सगळ्यात आधी अबोली.

राजानं वैद्यबुवांना बोलावलं. वैद्यबुवा म्हणाले, "नाचणी खायला घाला. वजन येईल. दुसरा उपाय नाही."

मग राजानं दवंडी पिटवली. "नाचणी औषध आहे होऽऽ! हाडाला बळ देते होऽऽ!" लोकांनी माना डोलावल्या. खरंच आहे म्हणाले. आणि घरी जाऊन चांदणभात शिजवला.

मग राजानं नाचणी फुकट वाटली. लोकांनी पोती आनंदानं नेली आणि कोंबड्यांना घातली. कोंबड्या अशा जड झाल्या की त्यांना कुंपणावर उडी मारता येईना.

मग राजा चिडला. हुकूम काढला की प्रत्येक चुलीवर नाचणी चढलीच पाहिजे, शिपाई येऊन बघतील. लोकांनी चढवली. शिपाई वळला की उतरवली.

राजवाड्यात अबोलीचंही तेच. सोन्याच्या चमच्यातून नाचणी आली की ती ओठ घट्ट मिटायची. राणी रडायची, दासी गाणी म्हणायच्या. काही उपयोग नाही. एके दिवशी तर शेल्याची गाठच सुटली. शेला खिडकीच्या कोयंड्यात अडकला म्हणून पोर वाचली.

मावशीनं ते अंगणातून बघितलं. आणि मग तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सगळ्यांना कळतंय काय खावं ते. फुकट मिळतंय. आपल्याच पोरांच्या जिवाशी आलंय. मग अडतंय कुठे? असं काही तिला कळलं नाही की तिला जेवण जायचं नाही. तिनं चपला घातल्या आणि निघाली.

पहिल्यांदा गेली वैद्यबुवांकडे. बुवा बाहेर गेले होते, वैद्यीणबाई चुलीपाशी.

"काय केलंत आज?"

"भात," वैद्यीणबाई म्हणाल्या. आणि हळूच एक टोपली पायानं मागे सरकवली.

"नाचणी नाही का करत? तुमच्याच ह्यांनी सांगितलंय ना?"

"तेच तर! औषध औषध म्हणून गावभर ओरडले. आता पोरं ताट बघितलं की विचारतात, आई, मी आजारी आहे का? औषध कुणी मागून खातं का हो?"

मावशीला पटलं. ती तिथून कासाराकडे गेली. कासारणीच्या मांडीवर सुनेची रांगती पोर, तिच्या दोन्ही पायांत वाळ्यांच्या वर वाळे चढवलेले, वजनाला.

"काय केलंत आज?"

"भातच की, मावशी." तिनंही काहीतरी परातीखाली झाकलं.

"आणि नाचणी?"

"तुम्हाला काय जातंय विचारायला! धाकटीचं लग्न जमवायचंय. पाहुणे कधीही येतात. ताटात काळी भाकरी दिसली तर म्हणतील, यांच्याकडे भाताचे वांधे आहेत. मोठ्यांचं एक असू दे, पण पोरांच्या ताटात तरी पांढरं दिसायला हवं."

हेही मावशीला पटलं. मग ती गेली कुंभाराकडे. कुंभार चाकावर बसला होता.

"काय रे धोंडजी, काय केलंत आज?"

"भात."

"आणि राजानं वाटलेली नाचणी?"

धोंडजी हसला. "मावशे, तू राजवाड्याच्या भिंतीला राहतेस. मला सांग, राजा खातो का ती? स्वतःला नको असलेलं माणूस दुसऱ्याला देतं. राजा खाताना दिसू दे, मग बघू."

आणि त्याच्यामागेसुद्धा एक मडकं झाकून ठेवलेलं होतं! आता मात्र मावशीला राहवेना. असं झाकलेलं तिसरं. ती उठली, गेली आणि झाकण उचललं.

काय असेल आत? सांगा बघू. शमे, बरोबर. नाचणीची आंबील! वर ताक, जिरं, लसूण.

"अरे लबाडा!"

धोंडजीचे कान लाल झाले. "कुणाला सांगू नकोस गं. म्हातारा बाप भातावर राहीना. मग आम्हीही घेतो घोटभर, मागच्या दाराशी बसून. पोरांना नाही देत हां! पोरांना चांगलं ते देतो."

मावशी आल्या पावली परत फिरली. कासारणीची परात उचलली. खाली भाकरी. वैद्यीणबाईंची टोपली उचलली. खाली भाकरी. सगळं नगर झाकून खात होतं आणि पोरांना दाखवायचं ते भरवत होतं! आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच.

मावशी घरी आली. ताट वाढून घेतलं. तेवढ्यात वरून आवाज आला.

"मावशी, काय खातेस?"

तिचा हात पदराकडे गेला. आणि तिथेच थांबला. अगं बाई, मीसुद्धा!

मग तिनं काय केलं माहितेय? उठली. आंबील केली, घट्टसर, मऊ. पितळेची वाटी चिंचेनं घासून लखलखीत केली. वाटीत आंबील ओतली. आणि वाटी पदराखाली झाकली नाही. उघडीच हातात धरली आणि निघाली, मागच्या गल्लीनं नाही, भर बाजारातून. कासारीण बघतेय. धोंडजी बघतोय. "मावशे, वाटी झाक की!" मावशी ऐकायलाच तयार नाही.

राजवाड्याच्या पुढच्या दरवाजाशी भालदारानं अडवलं. "काय आहे?"

"शेजारचं आहे, म्हणावं."

राजा नुकताच पाटावर बसत होता. समोर चांदणभात, वाफा निघत होत्या. "शेजारचं? आम्हाला शेजारी आहेत?"

"भिंतीला भिंत आहे, महाराज. मग आणखी काय लागतं शेजारी व्हायला? इतकी वर्षं वाटी पाठवायची राहिली एवढंच."

राजानं वाटीत बघितलं. वास घेतला. आणि का कोण जाणे, एकदम आचाऱ्याकडे बघितलं. आचारी छताकडे बघायला लागला. मावशीची नजर ती! तिनं ओळखलं.

"महाराजसुद्धा?"

राजा हळू आवाजात म्हणाला, "लहानपणची सवय आहे, बाई. कधीमधी मुदपाकखान्यात, पडद्याआड. राजा काळी भाकरी खातो म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतायत, राजा खात नाही मग आम्ही का खाऊ? आणि तेही खातायत, महाराज, झाकून! मी झाकणं उचलून बघून आलेय. माझी खोडच आहे ती."

राजानं भाताचं ताट बाजूला सारलं, वाटी पुढे ओढली आणि चार माणसांदेखत आंबिलीचा घोट घेतला. भुरका मारून. मग दुसरा.

तेवढ्यात अबोली दाराच्या चौकटीला धरत धरत, हवेत लोंबकळत आली.

"बाबा, काय खाताय?"

राजाचा हात उपरण्याकडे गेला, झाकायला. मावशी बघतेय. वाढायला बसलेली राणीही. हात थांबला. राजानं वाटी होती तशीच राहू दिली.

"आंबील," तो म्हणाला. "नाचणीची."

"औषध?"

"छे! मला आवडते."

"मला?"

"थांब. माझं होऊ दे."

झालं! अबोलीनं वाटीच ओढली. बोट बुडवलं, चाटलं. मग दोन्ही हातांनी वाटी तोंडाला लावली. ओठांवर मिशी उमटली. आणि वाटी खाली येईतो तिच्या उजव्या पायाचा अंगठा फरशीला टेकला. नुसता अंगठा, बरं का. पण टेकला. राणी खाली बसून त्या अंगठ्याकडेच बघत राहिली.

आता वाटी रिकामी झाली. रिकामी परत करता येते का? नाही! राजानं आचाऱ्याला हाक मारली. पडद्याआडची भाकरी बाहेर आली. राजानं वाटीत भाकरी ठेवली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि स्वतः उठला. वाटी उघडीच. भर बाजारातून मावशीच्या घरी. धोंडजीचं चाक फिरतच राहिलं, मडकं वाकडं झालं, त्याचं लक्षच नाही. बायका दारात आल्या.

"अगं, राजाच्या हातात नाचणी!"

"माझ्याकडेही आहे केलेली."

"तुझ्याकडेही?"

मग उघड्या वाट्या निघाल्या. कासारणीकडून वैद्यीणबाईकडे, वैद्यीणबाईकडून कुंभाराकडे. रिकामी एकही परत आली नाही. वैद्यबुवांना सगळ्यांनी बजावलं, "तुम्ही तेवढं औषध म्हणू नका." पोरं या घरातून त्या घरात चव बघत हिंडली. कुणाकडे लसूण जास्त, कुणाकडे गूळ घातलेली. अंगठा टेकला, मग चवडा टेकला, मग टाच. पोरांनी खिशातले गोटे काढले आणि अंगणात खेळायला घेतले.

होळी पेटली. दुसऱ्या दिवशी डोंगरवारा सुटला, घोंऽऽ घोंऽऽ. कौलं उडाली, टोप्या उडाल्या, राजाचं उपरणं उडालं. अबोली गच्चीत उभी. कमरेला शेला नाही. राणीनं डोळे मिटले. उघडले तर पोर तिथेच! केस उडतायत आणि पाय फरशीवर घट्ट.

आणि व्यापारी? त्याची चांदणभाताची पोती कापसासारखी आकाशात गेली. तो मात्र तळावर उभाच्या उभा. त्याचे पाय जमिनीला इतके घट्ट कसे बरं? येसूमावशीला प्रश्न पडलाच. ती गेली आणि त्याच्या शिदोरीचं फडकं उचललं.

काय होतं? मन्या, झोपलास वाटतं. शमे, तू सांग. हं, अगदी बरोबर. नाचणीचीच भाकरी.

मग चांदणभात कायमचा गेला म्हणता? नाही हो. सणावाराला घासभर करायचे, पोरांच्या टाचा जरा उचलल्या की हसायचे, आणि मग आंबील प्यायचे. येसूमावशी आणि राजवाडा, वाटी येत राहिली, जात राहिली. अबोली आता दारातून यायची, पायांनी चालत, आणि आल्या आल्या विचारायची, "काय केलंस आज?"

त्यांच्या घरी वाट्या भरलेल्या राहिल्या, तशा तुमच्या आमच्या राहोत. आता डोळे मिटा. काय शमे? उद्या सकाळी मी काय करणारेय?

उद्या ये आणि झाकण उचलून बघ. झोप आता.