मिशीचा पीळ

जपान देशी एकदा एक चित्रकथाकार बाई होती, आणि तिने कागदावर जन्माला घातलेला एक लबाड होता. लबाडाचे नाव मोकुसुके. स्वारी स्वतःला महापंडित आणि मदनाचा पुतळा समजे. कोणताही डाव रचण्याआधी तो आरशात पाहून मिशीला पीळ भरी, आणि डाव हमखास त्याच्याच अंगाशी येई. गावप्रमुखाच्या मेजवानीत जुलाबाचे औषध कालवायला जाई आणि चव पाहता पाहता स्वतःच दोन वाट्या ओरपून बसे. "अहाहा, काय माझी बुद्धी!" असे ओरडत पोट धरून पळणाऱ्या मोकुसुकेला पाहून वाचकही पोट धरून हसत.

तिकडच्या साप्ताहिकांची एक रीत आहे. अंकाला एक पोस्टकार्ड जोडलेले असते. वाचकाने आवडलेल्या कथेचे नाव लिहून ते पाठवायचे. ज्या कथेला कार्डे येत नाहीत, तिला निरोपाचा नारळ मिळतो.

सहाव्या वर्षी मोकुसुकेची कार्डे आटू लागली आणि बाईच्या तोंडचे पाणी पळाले. सहा वर्षे तिने दुसरे काही केलेच नव्हते. मोकुसुके गेला तर आपण तरी कोण उरणार, या विचाराने तिला अन्न गोड लागेना. मग तिने काय करावे? निरनिराळ्या दुकानांतून चाळीस अंक आणले. कुठे उजव्या हाताने, कुठे डाव्या, कधी शाळकरी पोराच्या अक्षरात तर कधी थरथरत्या आजोबांच्या, अशा चाळीस नावांनी स्वतःचीच स्तुती लिहून पाठवली. शोभा यावी म्हणून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात मोकुसुकेची मिशीही काढली.

आता अक्षर बदलता येते हो, पण सहा वर्षे हातात मुरलेला मिशीचा पीळ कसा बदलणार? संपादकांनी ती चाळीसही कार्डे तिच्यापुढे मांडली. "बाई, पुढचा भाग शेवटचा," एवढेच ते म्हणाले.

लाजेने अर्धी झालेल्या बाईने आपल्या वृद्ध गुरुजींना बोलावून घेतले. ज्यांनी तिला पहिली रेघ शिकवली, ते हे जुन्या काळचे चित्रकथाकार गुरुजी. काठी टेकत ते तिच्या खोलीत आले. त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि विचारले, "तुझा आरसा कुठे आहे?"

चित्रकथाकाराच्या मेजावर आरसा असतोच. पात्राचा राग काढायचा तर आधी आपण रागावून पाहायचे, कपट काढायचे तर आधी आपण डोळे बारीक करायचे. बाईचा आरसा मात्र भिंतीकडे तोंड करून धूळ खात होता.

"नाव झाल्यापासून असली वेडीवाकडी तोंडे करणे बरे वाटत नाही, गुरुजी," ती म्हणाली. "आता मी लोकांकडे पाहून मोकुसुके काढते. आपल्या धंद्यात लबाडांना काय तोटा!"

गुरुजींनी बाहीने आरसा पुसला, कुंचला शाईत बुडवला, आणि आरशाच्या काचेवर, बरोबर मधोमध, दोन झोकदार पीळदार मिशा काढल्या. मग तिला म्हणाले, "बैस समोर."

बाई बसली. आरशात तिचा रडवेला चेहरा, आणि त्यावर मोकुसुकेच्या मिशा. क्षणभर तिला राग आला. मग चाळीस कार्डे लिहून दुखावलेला आपला डावा हात तिला आठवला, आणि ती अशी हसली, अशी हसली की डोळ्यांतले पाणी कसले आहे ते तिलाच कळेना.

"पोरी," गुरुजी म्हणाले, "दुसऱ्याकडे बोट दाखवून काढलेल्या लबाडाला लोक नावे ठेवतात, त्याला जीव लावीत नाहीत. पहिली पाच वर्षे मोकुसुकेच्या जागी तू होतीस. म्हणून तो चिखलात पडला की वाचकाला वाटे, हा तर मीच, आणि पडूनही हा कसा उठतो पाहा! शेवटचा भाग तुझ्याजवळ तयार आहे. तू तो जगून बसली आहेस. काढ."

तिने काढला. त्या भागात मोकुसुके गावातल्या सर्वांत लोकप्रिय पुरुषाच्या निवडीत स्वतःलाच चाळीस मते देतो, प्रत्येक चिठ्ठीवर हौसेने आपली मिशी काढतो, आणि भर चौकात पकडला जातो. लोकांच्या हशात तो अंग झटकतो, मिशीला पीळ भरतो आणि म्हणतो, "निदान चाळीस वेळा तरी मी कुणाला आवडलो!"

पुढच्या आठवड्यात संपादकांच्या कचेरीत कार्डांची पोती आली. कुणी लिहिले होते, "मीच माझ्या वाढदिवसाला स्वतःला निनावी फुले पाठवली होती." कुणी लिहिले, "माझ्या कवितेला पहिली टाळी माझ्या मेहुण्याने वाजवली, मीच सांगून ठेवले होते." आणि प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात ज्याने त्याने आपापल्या हाताने मिशी काढली होती. कुणाची जाड, कुणाची झुरळासारखी, कुणाची एका बाजूला कललेली. एकीचा पीळ दुसरीसारखा नव्हता. संपादकांनी बाईला फोन केला. "मोकुसुके कुठेही जात नाही," ते म्हणाले, आणि पलीकडे ती लहान मुलीसारखी ओरडली.

पोत्याच्या तळाशी एक कार्ड होते. त्यावरची मिशी थरथरत्या, पण मुरलेल्या हाताची होती. खाली एकच ओळ लिहिली होती :

"माझ्या तरुणपणी मी साठ पाठवली होती."