बद्द आवाज

त्या राज्यात भांड्यांखेरीज कुणी राहत नव्हतं, आणि फळीवर जागा असल्याखेरीज कुठल्याही भांड्याला कुणी भांडं म्हणत नव्हतं. काम मिळालं की फळी मिळे. फळी मिळाली की रोजचं घासणं-पुसणं, उन्हात पालथं पडणं आणि चारचौघांत नाव, हे सगळं आपोआप येई. ज्यांना काम नव्हतं ती भांडी मोरीत पडून असत. तिथं दर अमावास्येला राज्याबाहेरून मोडीची गाडी येई आणि दिसेल ते उचलून भट्टीवर नेई. मोरीत जन्मलेलं पोरही मोरीचंच धरलं जाई. ते वाटी आहे की फुलपात्र, हे बघत बसायला गाडीवाल्याला वेळ नसे.

भांडी भांड्यांच्याच पोटी जन्मत. एखाद्या कळशीच्या तळाशी मुगाएवढा धातूचा थेंब धरे, तो वाढत जाई आणि नीट आकाराला आला की काठावरून बाहेर येई. याचं राज्यात फार कौतुक होतं. बारशाला सगळी फळी खाली उतरे. फक्त कामावर ठेवताना आत कुणी असलेलं भांडं नको असे. पण तसं बोलायची सोय नव्हती, कारण आत काय आहे हे कुणाला विचारायचं नाही अशी राजाची स्पष्ट आज्ञा होती. म्हणून विचारत नसत. वाजवून बघत.

वाजवायचं काम झारेसाहेबांकडे होतं. हे साहेब म्हणजे लांब दांड्याचा, अंगभर भोकं असलेला एक जुना झारा. त्यांच्या स्वतःच्या अंगावर थेंबभर पाणी ठरत नसे, पण कुठलं भांडं पाण्याला लायक आहे हे तेच ठरवीत. उमेदवार ओळीनं उभे राहत, साहेब प्रत्येकाच्या पोटावर आपल्या पाठीनं एक टोला देत आणि कान लावत. खणखणीत वाजलं तर फळी. बद्द वाजलं तर, "आवाज जरा बद्द आहे. काही असलं तर कळवू." चिरलेलं भांडं बद्द वाजतं आणि आत कुणी असलेलंही बद्दच वाजतं. या दोहोंत फरक करायची गरज साहेबांना कधी वाटली नव्हती.

तर या राज्यात तांब्याची एक कळशी होती. एका सरदाराच्या न्हाणीघरात ती कित्येक उन्हाळे पाणी वाहत होती आणि जिना चढतानाही तिच्यातून थेंब सांडत नसे. तिला दिवस गेल्याचं तिथल्या मंडळींच्या लक्षात आलं तेव्हा सगळे गोड हसले. मग अचानक फळी दुरुस्तीला काढली. सगळी भांडी खाली उतरवली, दुरुस्ती झाली, सगळी परत वर चढली, आणि कळशीची तेवढी जागा, कशी कोण जाणे, भरलेली निघाली. तिचा नवरा, एक हंडा, त्याआधीच बुडाशी फुटून मोडीत गेला होता. जावं कुणाकडे, हा प्रश्नच नव्हता. ती मोरीत आली. गाडी नुकतीच येऊन गेली होती, म्हणजे पुढच्या अमावास्येपर्यंत तिला अवकाश होता. तोवर फळी मिळाली तर पोर फळीवर जन्मणार होतं. नाही मिळाली तर दोघांना भट्टी होती.

ती आधी दूधघरात गेली. तिथल्या परातबाई ऐसपैस आणि मायाळू. त्यांनी तिला बसवून घेतलं, चौकशी केली, मग म्हणाल्या, "मी स्वतः चार वाट्यांची आई आहे, म्हणून मनापासून सांगते. अशा दिवसांत दगदग बरी नव्हे. आम्ही तुमच्या काळजीपोटीच नाही म्हणतोय."

"काळजी आहे तर बसून करायचं काम द्या," कळशी म्हणाली. "दही लावायला एका जागी बसावंच लागतं."

परातबाईंचा चेहरा जरा उतरला. बसून करायची कामं जुन्या भांड्यांसाठी राखलेली असतात, असं त्या म्हणाल्या आणि दाराकडे बघू लागल्या.

गुळाच्या कोठारावर एक पितळी डबा होता. पोर झाल्यावर तुमचं कामात लक्ष लागेल का, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आज्ञा आडवी येत होती. मग त्यानं बराच विचार करून, "तुम्हाला गूळ आवडतो का?" असं विचारलं. कळशी खरं बोलली. आवडतो म्हणताच, "मग जमायचं नाही," म्हणून त्यानं झाकण लावून घेतलं. आवडत नाही म्हणाली असती तरी जमलं नसतंच, हे तिला रस्त्यात कळलं आणि खोटं न बोलल्याचं तेवढं समाधान होतं तेही गेलं.

झारेसाहेबांनी तर तिच्याकडे पाहिलंही नाही. टोला दिला, कान लावला आणि म्हणाले, "बद्द."

मोरीत एक काजळलेली म्हातारी तपेली होती. मोडवाल्याच्या हाताला काळं लागतं म्हणून ती दरवेळी वाचायची. ती कळशीला म्हणाली, "पोटावर कशापायी वाजवू देतीस? काठ फुडं करायचा. काठ समद्यांचाच खणखणतो. त्येला कुठं येळ असतोय बघायला?"

"ही लबाडी झाली, मावशी."

"व्हय तर. आन त्यांचं काय चाललंय, देवपूजा?"

दुसऱ्या दिवशी राजाच्या पाणीघराच्या ओळीत कळशी जरा वाकून उभी राहिली आणि साहेब समोर येताच तिनं काठ पुढं केला. साहेबांना पुढची बरीच भांडी उरकायची होती. खण्ण असा आवाज आला. "चांगली आहे," ते म्हणाले, आणि कळशीला फळी मिळाली.

तिथं तिनं जीव ओतून काम केलं. पाणीघराचे जुने हंडेसुद्धा तिची चाल बघत राहत. पोर फळीवर जन्मणार या कल्पनेनं ती इतकी हरखली होती की, ओझं दुप्पट असल्याचंही तिला जाणवत नव्हतं. मग एका संध्याकाळी काम आटोपून सगळी भांडी पालथी पडली, पाणीघर शांत झालं, आणि आतल्या पोरानं कूस बदलली. टिण असा बारीक, गोड आवाज झाला. सगळ्या फळीनं तो ऐकला.

झारेसाहेबांनी तिला बाजूला बोलावलं. ते अजिबात रागावले नव्हते. "आत कुणी आहे याबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही काठ पुढं केलात. वाईट त्याचं वाटतं. काम विश्वासावर चालतं, कळशीबाई."

"मी एक थेंब तरी सांडलाय का?"

"तो प्रश्नच नाही. सांडला असता तर समज देऊन सोडून दिलं असतं."

मोरीकडे परतताना कळशीला पहिल्यांदाच आतल्या पोराचा राग आला. एक दिवसही गप्प बसवलं नाही याला, असं तिच्या मनात आलं. लगेच तिला स्वतःची इतकी लाज वाटली की, ती रस्त्याच्या कडेला थांबून पोटाशी पुटपुटत राहिली. पोर पुन्हा वाजलं नाही.

अमावास्या अगदी तोंडावर आली असताना झारेसाहेब स्वतः मोरीत आले. दांडा खरकट्याला लागू नये म्हणून उंच धरला होता. राजानं नवी फळी बांधली होती आणि दुसऱ्या दिवशी तिची पूजा होती. "पूजेला भरलेलंच भांडं लागतं," साहेब म्हणाले. "रिकामं चालत नाही. शास्त्र आहे. आणि तुमच्याइतकं भरलेलं सध्या राज्यात कुणी नाही."

"काम आहे का?" कळशीनं विचारलं.

"काम कसलं? मान आहे."

"मानाला फळी मिळते?"

"चौरंग मिळतो," साहेब म्हणाले.

चौरंगासमोर सगळा दरबार बसणार होता. राजाही असणार होता. तिथं विचारता येईल, सगळ्यांच्या देखत विचारता येईल, म्हणून कळशी हो म्हणाली. तिला चिंचेनं घासून लखलखीत केलं. तांदळाच्या राशीवर बसवलं. पोटावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, गळ्यात हार घातला, काठाला पाच पानं लावली. ती बोलायला तोंड उघडणार तोच पानांवर नारळ ठेवला, आणि तो असा घट्ट बसला की तिला श्वाससुद्धा जपून घ्यावा लागला.

सगळे आले होते. परातबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गुळाच्या डब्यानं पुन्हा पुन्हा नमस्कार केला. झारेसाहेबांनी भाषण केलं. हे राज्य पूर्णत्वावर उभं आहे, असं म्हणून त्यांनी चौरंगापुढं दांडा टेकवला. आरती चालू असताना आतलं पोर जोरजोरात धडका देत होतं. त्याची वेळ आली होती. जवळ बसलेल्यांनी तो आवाज ऐकून शुभ शकुन म्हणून अक्षता उडवल्या.

पूजा आटोपली, नारळ उतरवून फोडला आणि दरबार खोबऱ्याकडे वळला. कळशीला आता बोलता येत होतं. "साहेब, मला या नव्या फळीवर जागा द्या," ती म्हणाली. "आजच द्या."

"अवश्य," झारेसाहेब म्हणाले. "भरती आत्ताच सुरू होतेय. ओळीत या ना. इथं सगळ्यांना सारखंच आहे."

ती चौरंगावरून उतरली आणि जड पावलांनी ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिली. दाराबाहेर मोडीच्या गाडीचे बैल पेंड खात होते. साहेब ओळीनं वाजवत आले, आणि तिच्यापाशी येऊन थांबले. तिनं काठ पुढं केला नाही. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, आपल्या पाठीला लागू नये म्हणून तिच्या पोटावरचं ओलं कुंकू नीट पुसून काढलं, आणि मग तिथंच टोला दिला.