भाच्यातला वाव

सांबरगडच्या संघात आघाडीची एक जागा रिकामी झाली आणि ती भरायला तीन म्हातारे बसले. घोळ झाला तो इथेच!

खेळ टोपलीचेंडूचा. मैदानाच्या दोन टोकांना कळकाच्या बांबूचे उंच खांब, खांबांच्या शेंड्याला बूड नसलेली टोपली. गर्दीत घुसून टोपलीत चेंडू टाकतो तो आघाडीवीर. राजा खड्गरावाला या खेळाचं भारी वेड, पण त्याचा संघ दरवर्षी हरायचा. हरला की खेळाडू बदलायचे. निवडणारे पारखी मात्र तेच!

मुख्य पारखी नागोपंत. यांच्या हातात चेंडू कुणी बापजन्मात पाहिला नव्हता. पण पोरांचे दात, पिंढऱ्या आणि घराणं असं तपासायचे की बैलबाजारातल्या दलालानं लाजावं.

निवडीच्या दिवशी मैदानात दोनच पोरं उरली. एक बुरुडाचा हैबती. समोर कुणीही उभा करा, हा बगलेतून निसटायचा आणि चेंडू टोपलीत! दुसरा त्रिंबक, नागोपंतांच्या बहिणीचा मुलगा, माडासारखा उंच. त्यानं फेकलेला चेंडू आधी खांबावर आपटला, मग त्याच्याच नाकावर आणि शेवटी मामांच्या पगडीवर.

नागोपंतांनी पगडी सावरली आणि निकाल दिला, "त्रिंबक!"

"का?" गर्दीतून आवाज आला. हैबतीची थोरली बहीण ठकी पुढे झाली होती.

"का म्हणजे? हैबतीला सगळं आत्ताच येतं. मग पुढं काय? पिकलेला आंबा सडतोच! आमच्या त्रिंबकमध्ये वाव आहे, वाव! नेम नाही, तर नेम शिकायला वाव. पळता येत नाही, तर पळायला वाव. चाळीस वर्षांत इतका वाव मी कुणात पाहिला नाही!"

"वाव, वाव," बाकीच्या दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यातला एक तर झोपेतच डोलला.

ठकी म्हणाली, "मग पंत, तुमच्या अकलेत तर रग्गड वाव आहे म्हणायचा!"

मैदान खदखदलं. निवड बघायला बसलेला राजा भडकला. पारखी त्यानंच नेमलेले. ते चुकले तर तो चुकला, आणि राजे लोक कुठं चुकतात?

"जीभ फार चालते तुझी! उद्या दिवस मावळायच्या आत त्रिंबकपेक्षा जास्त वाव असलेला उमेदवार आण. पारख्यांच्या तोंडून तसं वदवून घे. जमलं तर आघाडीची जागा तू म्हणशील त्याला. नाही जमलं तर तुझा भाऊ जन्मभर त्रिंबकचे जोडे उचलेल!"

घरी येताच हैबतीनं कपाळ धरलं. "आक्का, काय करून बसलीस? त्रिंबकपेक्षा कमी येणारा माणूस आख्ख्या राज्यात जन्मलेला नाही!"

"माणूसच आण, असं कुठं म्हणाले ते?" म्हणत ठकी खुरपं घेऊन परसात गेली.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पाटी घेऊन मैदानात आली. पाटीवर फडकं.

"उमेदवार कुठाय?" राजानं विचारलं.

ठकीनं फडकं काढलं. ओल्या मातीत वीतभर उंचीचा कळकाचा कोंब!

"हा कोंब आहे!" नागोपंत ओरडले.

"कोवळा आहे, पंत. पिकलेलं तुम्हाला चालत नाही ना?"

"केवढासा तो!"

"पावसाळा सरू द्या, त्रिंबकच्या डोक्यावरून जाईल."

"घराणं?"

"मैदानातले दोन्ही खांब याचे सख्खे मामा. टोपली मावशी!"

"अगं, याला हात नाहीत!"

"फुटायला वाव आहे."

"पळता येत नाही!"

"त्रिंबकला येतं?"

"नेम?"

"आजवर एकदाही चुकलेला नाही. भाच्याबद्दल असं छातीठोक सांगाल?"

नागोपंत पगडी चाचपू लागले. ठकी पुढे सरकली.

"ज्याला काहीच येत नाही त्याच्यात वाव जास्त, हा तुमचाच नियम. खोटा म्हणा, त्रिंबक घरी गेला. खरा म्हणा, कोंब जिंकला. बोला!"

पंतांनी सोबत्यांकडे पाहिलं. झोपणारा म्हातारा नेमका आत्ताच जागा होता. "वाव... कोंबातच जास्त दिसतो हो," तो म्हणाला. दुसऱ्यानं मान डोलावली. शेवटी पंतही पुटपुटले, "कोंबातच."

हसू दाबताना राजाच्या मिशा थरथरत होत्या, पण हट्ट काही सुटेना. "थांब! उमेदवार म्हणतेस तर त्यानं खेळायला हवं. हा कोंब मैदानात उतरणार कधी? नेमकं सांग, नाहीतर पैज गेली!"

हैबतीनं डोळे मिटून घेतले.

ठकी म्हणाली, "सांगते की, महाराज. त्रिंबकनं टोपलीत पहिला चेंडू टाकला, की त्याच्या दुसऱ्याच दिवशी!"

एवढ्यात त्रिंबक भाबडेपणानं म्हणाला, "मग त्याला पुष्कळ वेळ आहे."

राजा आधी फिसकन हसला, मग खो खो, मग पोट धरून! हसता हसता त्यानं स्वतःचा शेला काढून हैबतीच्या खांद्यावर टाकला. "जा, आघाडीला उभा राहा! आणि पंत, उठा. कोंब तुम्ही निवडलाय, पाणीही तुम्हीच घाला. तुमची बैठक आजपासून या पोरीची!"

नागोपंत उठले. ठकीनं त्यांचा लोड उचलला, दणादणा आपटून आधी धूळ झटकली, आणि मग बसली.