बेलखैरीच्या भिंतीवरचा यहूदा

हो, ते माझंच तोंड आहे. नीट बघा, चष्म्यासकट काढलंय. तुम्ही चित्रकलेच्या कॉलेजची मुलं दरवर्षी येता आणि एकच विचारता, बाकी चित्र एवढं जुनं, मग यहूदाचंच तोंड ताजं का? पाळकसाहेब गोड हसून सांगतात की ती आमच्या मंडळीची परंपरा आहे. परंपरा कसली, डोंबल. ती शिक्षा आहे. मी अहरोन वाघचौरे, इथला थोरला पंच, म्हणून यंदा ती माझ्या वाट्याला आली.

हे प्रभूचं शेवटचं भोजन. येशू आणि त्याचे बारा शिष्य पंगतीला मांडी घालून बसलेत, त्यातलाच यहूदा, प्रभूला धरून देणारा; पुढ्यात पत्रावळी, त्यावर ज्वारीची भाकरी. पेत्राला मुंडासं, योहानाच्या खांद्यावर घोंगडी. हे लाजर चिताऱ्यानं काढलं असं सांगतात. आधी तो देवळांच्या भिंती आणि जत्रेतले रथ रंगवायचा. बाप्तिस्मा घेतला आणि ती कामं बंद झाली, तेव्हा आमच्या मंडळीनं त्याला बोलावलं. मोठ्या दुष्काळाचं साल होतं, हे प्रार्थनामंदिर नुकतंच उभं राहत होतं.

चित्राआधी भिंतीला चुन्याचा गिलावा हवा, गिलाव्याला पाणी हवं, आणि नदी ठणठणीत कोरडी. पाणी होतं फक्त गावच्या विहिरीत, आणि तिला हात लावायची आमच्या लोकांना बंदी. देव बदलला तरी गावाच्या लेखी आम्ही तेच होतो. मग पाच पंचांनी बसून ठरवलं आणि बाजाराच्या दिवशी, गाव रिकामं असताना, गेनूला विहिरीवर पाठवलं. गेनू म्हणजे चुना मळणारा गडी, उलट शब्द न बोलणारा. त्या दुपारी त्यानं अठरा घागरी आणल्या म्हणे.

गावाला कळायचं ते कळलंच. पाटील माणसं घेऊन मंदिराच्या दारात आला आणि विहीर कोणी बाटवली म्हणून विचारू लागला. थोरला पंच होता यहोशवा शेलार. त्यानं गेनूकडे बोट केलं. वर म्हणाला, आम्ही सांगितलं नव्हतं, यानं आपल्या मनानं केलं. बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. ज्या भिंतीसाठी पाणी आणलं तिच्यापुढेच गेनूला चाबकानं फोडला आणि वेशीबाहेर हाकलला. अख्खी मंडळी उभी होती, पण सगळ्यांची दातखीळ बसलेली. प्रभूचं मंदिर बांधायला निघाले होते हे, आणि मंदिर पुरं व्हायच्या आधी आपल्याच भावाला धरून दिला. सांगताना अजून माझं डोकं फिरतं.

बरं, केलं ते केलं, निदान खाली मान घालून बसावं. तेही नाही. भिंतीवरची सगळी तोंडं झाली, यहूदाचं तेवढं राहिलं, तर हे पंच लाजरला म्हणाले, तिथे गेनूचं काढ. म्हणजे दगा गेनूनंच दिला असं पुढच्या पिढ्यांना वाटावं.

गेनूची बायको सगुणा इथेच राहिली होती, कडेवर दोन वर्षांची मुलगी. ही गोष्ट कानावर गेली तशी ती येऊन लाजरच्या परांचीखाली उभी राहिली.

"दादा, माझी लेक दर रविवारी हितं बसणार," ती म्हणाली. "बापाला तिनं असं बघायचं का?"

लाजरनं कुंचला खाली ठेवला. पंचांनी गेनूच्या हातात घागर दिली ती त्यानं परांचीवरून पाहिली होती, आणि पाटील आला तेव्हा तोही गप्प राहिला होता. त्यानं भिंतीवर कापड टाकलं आणि चार दिवस कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, कापड काढलं, तर यहूदाच्या जागी यहोशवा शेलार. त्याच आकडेबाज मिशा, गालावर तीच मस. आणि पंगतीच्या टोकाला, दाराशी, घागर घेतलेला गेनू. बायबलातल्या शुभवर्तमानात पाणी नेणारा माणूस येतो ना, ज्याच्या मागोमाग शिष्य भोजनाच्या घरी पोहोचले, तोच.

शेलारानं भिंतीवरच्या आपल्या तोंडावर चुना फासायला लावला. वाळताच चुना गळून पडला, असं सांगतात. तीनदा फासला, तीनदा गळला. तुम्ही म्हणाल चुना कच्चा असेल. असेल की. मळणाऱ्याला हाकलून दिल्यावर पक्का चुना आणणार कुठून?

शेवटी पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, शेलार मंडळीपुढे उभा राहिला आणि गेनूला मीच पाठवलं होतं असं कबूल केलं. मग त्याला शोधायला निघाला. महिनाभर गोदेच्या काठानं पैठणपर्यंत फिरला. गेनू काही सापडला नाही. लाजर जाताना कुंचला सगुणेच्या हाती देऊन गेला होता, म्हणून परत येऊन शेलार तिला म्हणाला, माझं तोंड पुसू नकोस. ती म्हणाली, तुझ्यामागं जो येईल त्याचं काढीन, आणि स्वतःला वाचवायला कोणाला पुढं केलंस ते आधी त्याला विचारीन.

तेव्हापासून थोरला पंच बदलला की उत्तम शुक्रवारी यहूदाचं तोंड बदलतं. कुंचला सगुणेच्या घरातल्याच माणसाच्या हाती असतो, आणि पंचानं उत्तर दिल्याशिवाय तो रंगात बुडत नाही.

यंदा कुंचला तिच्या पणतीच्या, रिबेकाच्या हातात होता. तिनं विचारलं, काका, कोणाला पुढं केलंत? मी म्हणालो, कोणाला नाही. तिनं कुंचला कोरडाच ठेवला. अख्ख्या मंडळीपुढे मला स्टुलावर बसवून तासभर नुसती थांबली.

मग मी सांगितलं. नाताळची चांदणी लावायला मनोऱ्यावर तिचा भाऊ स्तेफन चढला होता. शिडी मोडकी आहे हे ठाऊक असून मीच त्याला चढवला होता. तो पडला, पाठीचा कणा गेला. चौकशीला माणसं आली तेव्हा मी म्हणालो, पोरगा आपल्या मनानं चढला. मदत मिळायची होती ती त्यामुळे बुडाली. एवढी वर्षं शेलाराला शिव्या घालणारा मी, वेळ आली तेव्हा तेच बोललो.

स्तेफन आजही अंथरुणाला खिळून आहे. मी त्याला भेटायला जातो, तेव्हा आजही रिबेका दार उघडते आणि विचारते, काका, जेवलात का? आणि मला ते सहन होत नाही.