आल्या हाताचा वसा

ऐक ग कालिके माये, तुझ्या लेकीची कहाणी. बायांनो, अक्षता हातात घ्या, घरचा घोर घडीभर बाजूला ठेवा.

आटपाट असं एक नगर होतं. नगराला वेस होती, वेशीपाशी बाजार होता, बाजारात कासाराचा ओटा होता. कासाराचं नाव रंभाजी, बायकोचं नाव भिवरा. रंभाजीनं भट्टीच्या गावी जावं, बैलावर बांगड्या लादून आणाव्या. ओट्यावर त्याच्या म्हाताऱ्या आईनं बसावं, आल्यागेल्या बायकांना बांगड्या भराव्या. म्हातारीचा हात मऊ. काच बोटांवरून कधी उतरली नि मनगटावर कधी बसली, बाईला कळू नये. बांगड्या भरून झाल्या की बाईनं वाकून नमस्कार करावा, म्हातारीनं तोंडभर आशीर्वाद द्यावा. लांबलांबच्या बायका येत. दुसरीकडं ओटे का नव्हते? होते. पण बायका इथंच येत.

मग काय झालं? म्हातारी आजारी पडली. तिनं सुनेला उशापाशी बोलावलं. म्हणाली, "सूनबाई, माझ्यामागं ओटा तुझा. ओट्याबरोबर माझा एक वसा आहे, तो घेशील का?"

भिवरा म्हणाली, "घेईन, आत्याबाई. वसा कसला? तो वसावा कसा?"

"आल्या हाताचा वसा. पुढं आलेला हात दोन्ही हातांत घ्यावा. बाईला बसायला द्यावं, पाणी विचारावं. घाई करू नये. भरताना बांगडी पिचली तर ती आपली, बाईच्या माथी मारू नये. घरी जाऊन पिचली आणि सांगत आली, तर आधी ऐकावं, मग बोलावं. घेणारी असो की नुसती बघणारी असो, जाताना तिचं तोंड उतरलेलं नसावं. कालिकाई कुणाचा हात घेऊन येईल, सांगता येत नाही."

भिवरेनं वसा घेतला. म्हातारीनं डोळे मिटले. भिवरा ओट्यावर बसली.

वसा चांगला चालला. आला हात घेतला, गेला हात भरून गेला. सणावारी ओट्यापुढं रीघ लागली. रंभाजीनं एकाचे दोन बैल केले. घरात दूधदुभतं आलं.

पण बायांनो, भिवरेचा दिवस कसा होता? पहाटे उठावं, दळावं, पाणी भरावं, पोरांचं करावं. उन्हं वर आली की ओट्यावर बसावं. एकीनं म्हणावं, हिरव्या दाखव. दुसरीनं म्हणावं, ह्या नकोत, मोरपंखी दाखव. तिसरीनं सगळा ओटा उपसायला लावावा, नि "येते हं पुन्हा" म्हणून उठून जावं. जेवण झाकलेलं गार व्हावं. काचेनं बोटं चिरावी, घरी जाऊन भाजीला मीठ घालताना चिरा झोंबाव्या. रंभाजीनं म्हणावं, "भाकऱ्या झाल्या का?" झाल्या नाहीत असं म्हणायलाही तिच्यात त्राण नसावं.

कहाणीतल्या राण्या उततात, मातात, वसा टाकतात. भिवरा उतली नाही, मातली नाही. भिवरा दमली.

एके दिवशी धोंडाबाई आली. धोंडाबाई नदीच्या घाटावर दगड वाहणारी. हात रापलेले, बोटांच्या पेरांना गाठी आलेल्या. म्हणाली, "भिवराबाई, लेकाची हळद आहे. मला बांगड्या भर." अशा हाताला तेल लावावं, बोट न् बोट चोळावं, बोलता बोलता काच सरकवावी. भिवरेनं तेल घेतलं नाही, बोट चोळलं नाही. बांगडी चढवली नि दाबली. बांगडी पिचली, काच शिरली, रक्ताची धार लागली. भिवरा म्हणाली, "तुझा हातच असा, त्याला मी काय करू?" धोंडाबाईनं पदरानं हात दाबला, उठली, चालती झाली. भिवरेला वाईट वाटलं. पण पुढचं गिऱ्हाईक उभं होतं.

मग कुंभाराची सून आली. तिचं नाव चंपा. लग्न होऊन चार दिवस झालेले. आदल्या दिवशी भरलेल्या बांगड्यांतल्या दोन धुण्यावर पिचल्या होत्या. हळूच म्हणाली, "आपटल्या नाहीत हो, आपोआप तडकल्या. सासूबाई अपशकुन म्हणतील. तेवढ्या दोन भरून द्या." भिवरा म्हणाली, "नेताना धड होत्या ना? घरी काय केलंस ते तू बघ." चंपेनं मनगट पदराखाली झाकलं, मान खाली घातली, चालती झाली. भिवरेला वाईट वाटलं. पण पुढचं गिऱ्हाईक उभं होतं.

मग साळूबाई आली. साळूबाई कोष्ट्याची बायको, मागावर बसणारी. दिवस मावळत होता, भिवरा ओट्यावरचं गोणपाट खाली सोडत होती. साळूबाईच्या हातात मापाचा दोरा. म्हणाली, "माझी मैना तापानं झिजली, बाई. बांगड्या हातातून गळून पडल्या. दिवसभर मोकळ्या हाताकडं बघत पडते, काही खात नाही. तेवढ्या बांगड्या दे, तिचा जीव रमेल." भिवरा म्हणाली, "दोऱ्यावरून कुठं बांगडी भरतात? पोरीला आण. उद्या ये." साळूबाई म्हणाली, "ती उठत असती तर आणलीच असती." भिवरेनं गोणपाट ओढून घेतलं. आतून ऐकत राहिली. पावलं लांब गेली. भिवरेला वाईट वाटलं. आणि आता पुढं कुणी उभं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भिवरेनं साळूबाईची वाट बघितली. साळूबाई आली नाही.

मग पाणवठ्यावर गोष्ट निघाली. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी भांडायला आलं नाही. एकीनं हात दाखवला, दुसरीनं मनगट दाखवलं, तिसरीनं मापाचा दोरा दाखवला. बाकीच्यांना समजलं. पलीकडच्या वेशीला एक कासार होता. त्याच्या बांगड्या काही उजव्या नव्हत्या. पण तो घोंगडी अंथरून बसायला देई, उन्हातून आलीस का म्हणून विचारी. बायका तिकडं वळल्या.

आधी भिवरेला बरं वाटलं. म्हणाली, जरा बसायला तरी मिळेल. एक दिवस बसली, दोन दिवस बसली, पंधरवडा बसली. बांगड्यांवर धूळ साचली. ती पुसली, पुन्हा साचली. रिकाम्या ओट्यावर बसून बसून ती आणखी दमली. दोन बैलांचा एक झाला, मग तोही गेला. दूधदुभतं गेलं. पोरं ताक मागायला शेजारी जाऊ लागली. रंभाजी डोक्याला हात लावून म्हणाला, "कालिकाई कोपली."

भिवरेनं उपास धरला. कुंकू घेतलं, फुलं घेतली, कालिकाईच्या देवळात गेली. देवळात कुणी नव्हतं. पायरीवर एक म्हातारी पाय पसरून बसली होती, गुडघे चोळत होती. ती कोण होती? कालिकाईच होती. भिवरेनं ओळखलं नाही.

म्हातारी म्हणाली, "कुणीकडं निघालीस, बाई?"

"देवी कोपली आहे, तिला विनवायला."

"कोपायलाही अंगात जोर लागतो. सकाळपासून रांग. कुणाला मूल हवं, कुणाला पाऊस हवा, कुणाची म्हैस हरवलेली. कुणाला काही नको, नुसतं रडायचं. कोपेल केव्हा?"

भिवरेला ओळख पटली. तिनं पाय धरले. म्हणाली, "आई, मग माझी गिऱ्हाइकं कुणी नेली?"

"कुणी नेली नाहीत. ती आपल्या पायांनी आली होती, आपल्या पायांनी गेली."

भिवरा रडायला लागली. म्हणाली, "मी दमले होते, आई. आत्याबाईंनी वसा सांगितला. दमल्यावर काय करायचं, ते सांगितलं नाही."

कालिकाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. ती तशीच झिजून गेली. तुला मी सांगते. दमलीस तर दमले म्हण. गोणपाटाआडून नको, तोंडावर असं म्हण: बाई, आज हात चालत नाही, उद्या सकाळी पहिला हात तुझा. आणि उद्या पहिला तिचाच घे. मंगळवारी ओटा झाक, तो दिवस तुझा. पण पुढं आलेला हात झिडकारू नको."

"आणि झिडकारले त्यांचं काय? त्यांना परत कशी आणू?"

"त्यांनी का यायचं? तू जा."

भिवरेनं पदरानं डोळे पुसले. बघते तो पायरी मोकळी.

भिवरेनं टोपली भरली, तेलाची वाटी घेतली. आधी घाटावर गेली. धोंडाबाई दगड उतरवत होती. तळव्यावर पांढरा वण होता. भिवरा म्हणाली, "चूक माझी होती, धोंडाबाई. तुझा हात चांगला आहे." धोंडाबाईनं हाताकडं बघितलं. म्हणाली, "लेकाची हळद तशीच लागली, फडकं बांधून. आता मी पलीकडच्या वेशीला जाते. राग नाही ग. तिथली सवय झाली." तिनं भिवरेला पाणी दिलं. भिवरा पाणी प्यायली, उठली. धोंडाबाई पुढं कधी तिच्या ओट्यावर आली नाही. भेटली की मात्र बोलायची.

मग कुंभारवाड्यात गेली. चंपा चिखल तुडवत होती, सासू ओसरीवर बसली होती. भिवरा आधी सासूपुढं उभी राहिली. म्हणाली, "तुमच्या सुनेच्या बांगड्या पिचल्या, तो माल माझ्याकडचा कच्चा होता. ती सांगायला आली, मी ऐकलं नाही. अपशकुन नाही, माझा दोष आहे." सासू म्हणाली, "हे तेव्हाच सांगायचंस. तिला मी काय काय बोलले." सासू ओसरीवरून उठली. मग म्हणाली, "चंपे, पाय धू. हात भरून घे." चंपेनं पाय धुतले, हात पुढं केला. भिवरेनं तो दोन्ही हातांत घेतला.

मग कोष्ट्यांच्या आळीला गेली. साळूबाईचं दार उघडं, माग बंद. साळूबाई उंबऱ्यात बसलेली. म्हणाली, "उद्या ये म्हणालीस. तुझा उद्या आज उगवला का?" भिवरेनं खाली बघितलं. म्हणाली, "उगवला. तू घरात घेशील का?" साळूबाई उंबऱ्यातून बाजूला सरली.

आत मैना पडली होती. हाडं नि कातडी. भिवरा खाली बसली, हात हातात घेतला. मोठी बांगडी घातली, गळून पडली. लहान घातली, तीही गळून पडली. टोपलीच्या तळाशी दहाबारा वर्षांच्या पोरींच्या बांगड्या होत्या. त्या गळायच्या नाहीत, पण पेरांवरून चढेनात. भिवरेनं तेल घेतलं. एकेक बोट चोळलं, अंगठा आत दुमडला, थांबली. मैनेला दम लागला की थांबायची, दम गेला की पुढं. माहेरची, पाण्याची, पोरांची गोष्ट सांगत राहिली. ऊन भिंतीवरून पलीकडं गेलं. एक चढली, दुसरी चढली, दोन्ही हात भरले.

मैना म्हणाली, "दुखलं नाही." मग हात हलवला. किणकिण वाजलं. पुन्हा हलवला. मग म्हणाली, "आई, पेज आहे का ग?"

साळूबाई चुलीकडं धावली. तिला रडू आवरेना, भिवरेलाही आवरेना.

मैना हळूहळू बरी झाली. कालिकाईनं केलं म्हणा, पेजेनं केलं म्हणा. साळूबाईनं आळीत सांगितलं. आळीतली एक आली, मग दोघी आल्या. पहिल्यासारखी रीघ लागली नाही. पण ओटा चालला, चूल पेटली, एक बैल परत आला. मंगळवारी ओटा झाकलेला. आधी बायका कुरकुरल्या, मग त्यांना माहीत झालं. मंगळवारी रंभाजीनं भाकऱ्या थापाव्या, त्या वाकड्या व्हाव्या, भिवरेनं पाटावर बसून गरम गरम खाव्या.

असं होता होता दिवाळी आली. आदल्या संध्याकाळी परगावची एक मोलकरीण आली, पायांवर धूळ, हात पुढं. भिवरेची बोटं आखडली होती. म्हणाली, "बाई, आज हात चालत नाही, काच नीट बसायची नाही. देवळात मुक्काम कर. उद्या सकाळी पहिला हात तुझा." बाई म्हणाली, "नक्की ना?" भिवरा म्हणाली, "नक्की."

सकाळ झाली. ओट्यापुढं मेणा येऊन थांबला. सरदाराची बायको उतरली, बरोबर दासी, सगळ्यांचे हात भरायचे. नगरातल्या बायका मागं सरल्या. सरदारीणबाईनं हात पुढं केला. भिवरेनं बघितलं, मोलकरीण लांब भिंतीला टेकून उभी होती. भिवरा उठली, घोंगडी झटकली, अंथरली. म्हणाली, "बाईसाहेब, बसा, पाणी घ्या. कालचा एक हात राहिला आहे, तो आधी भरते."

रंभाजीचा चेहरा उतरला. सरदारीणबाईनं मोलकरणीकडं बघितलं, भिवरेकडं बघितलं. मग घोंगडीवर बसली. म्हणाली, "भर. माझ्या वेळीही अशीच सावकाश भर."

कालिकाई माये, भिवरेला जशी पावलीस, तिचा ओटा चालवलास, तिच्या हाताला विसावा दिलास, तशी ओटा झाडणारीला पाव, दुकान मांडणारीला पाव, दारी आलेल्याचं ऐकून घेणारीला पाव, आणि अक्षता धरून बसलेल्या ह्या माझ्या दमलेल्या बायांना पाव. पुष्कळ उत्तरांची ही कहाणी थोड्या उत्तरांत सांगितली, ती ऐकणारीच्या ओंजळीत सुफळ होवो, इथं संपूर्ण होवो.